निष्कर्षात न लिहिलेला फाटा

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे अधीक्षकसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, वहिनी, आणि मघापासून घड्याळाकडे बघत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

मी भूल देणारी बाई. लोकांना झोपवणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा भाषण लांबलं तर सांभाळून घ्या. आले होते सरांचं कौतुक करायला, पण मनात धाकधूक आहे. गुरुवारी सरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, तेही आपल्याकडे नाही, लेकीच्या गावी. आणि सरांच्या छातीतली एक गोष्ट तिथे कुणालाच माहीत नाही.

सरांनी तीस वर्षं छातीचे स्कॅन वाचले. खोकल्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये कधीकधी भलतंच दिसतं: श्वासनळीला जन्मापासूनच एक आगाऊ फाटा. माणूस धडधाकट, त्याला पत्ताही नसतो. उगाच कशाला घाबरवायचं? म्हणून सर ती ओळ अहवालाच्या पोटात लिहीत, आणि खाली निष्कर्षात, 'विशेष काही नाही'. आमच्याकडे ऑपरेशनच्या फाइलला जोडतात फक्त निष्कर्ष. भूल देताना श्वासासाठी घशातून घातलेली नळी त्या फाट्यात जाऊ नये म्हणून सर स्वतः मला फोन करत, "उद्या यादीतल्या दुसऱ्या पेशंटची नळी जपून घाल गं."

एकदा सर रजेवर होते. फोन आला नाही. एका शिक्षिकेला मी भूल दिली, नळी नेमकी त्या फाट्यात शिरली आणि फुप्फुसांच्या बाकीच्या भागाला हवाच मिळेना. ओठ निळे पडले. नळी मागे ओढली म्हणून ती वाचली. चूक कुणाची, सांगा बरं? आम्ही दोघांनी पुढेही फोनवरच भागवलं, हे मात्र खरं.

काल मी सरांचा स्वतःचा स्कॅन पाहिला. तोच फाटा. अहवालही सरांनीच लिहिलेला, निष्कर्षही तोच. विचारलं तर म्हणाले, "अगं, सांगेन तिकडे. हिला कळायला नको, घोर लावून घेईल."

वहिनी, माफ करा, आता तुम्हाला कळलं.

सर, हसू नका. वहिनी हसत नाहीयेत. हा तुमचा अहवाल, हे पेन. निष्कर्षाच्या चौकटीत लिहा आणि खाली सही करा. तिथे टेबलावर तुम्हीच झोपलेले असाल. फोन कोण करणार?

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. भरल्या सभेत अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. सही झाली की मी खाली बसते.