कालव्यावरचा दीड हाताचा मासा

आम्ही भीमाकाठची भोई माणसं, जन्म सगळा जाळ्यापाशी गेला. पाण्याचा रंग बघून मासा कुठं बसलाय ते सांगायचं, एवढीच आमची शाळा. पूर आला की मरळ कडंला चढती, थंडी पडली की डोहात जाऊन बसती.

लेक माझी, वंदी, इकडं आयर्लंडात ॲडम्सटाउनला ऱ्हाती, औषधाच्या कारखान्यात शास्त्रज्ञ हाये. तिच्या बाळंतपणाला मी वीस सालात दिवाळीनंतर आले. नात झाली, ग्वाड झाली, पर काय सांगू ताई तुम्हाला, वंदी बोलंना. भिंतीकडं तोंड करून पडायची. डिंकाचा लाडू तसाच, शेपूची भाजी तशीच. लेकराला घेती का म्हणलं की डोळ्याला पाणी. डाक्टरणीनं गोळ्या दिल्या, जावई रजा काढून बसला. मला मातूर एकच सुचलं, दुकानात सगळा समुद्राचा मासा, हिला गोड्या पाण्यातल्या माशाचं कालवण घालावं, तेवढं पोटात गेलं की उठंल.

करोनामुळं लांब जायला बंदी, पर कालवा जवळ. जावयाला घेऊन रोज जायची. तिथं एक टोपीवाला म्हातारा गळ टाकून बसायचा. जावयानं त्याला सांगितलं, घरात बाळंतीण हाये, एक मासा पायजे. म्हातारा म्हणला ग्रँड, म्हंजी बरं. इथं सगळ्यालाच ग्रँड! आन् पाणी असलं गार, मासा तळाला पडलेला. म्हातारा म्हणायचा, थंडीत त्याला भूक नसती, आमिष हळू न्यायचं, वाट बघायची. ते मला ठाव नव्हतं व्हय? पर लेक रोज वाळत चालली, मी कितीक वाट बघू?

फेब्रुवारीत एक दिवस ऊन पडलं, वारं थांबलं, मी म्हणलं आज लागंल. लागला! पाईक म्हणतात त्याला, दीड हाताचा, अंड्यांनी पोट तट्ट फुगलेलं. मी पिशवी उघडून उभी, आन् म्हाताऱ्यानं गळ काढून त्याला पाण्यात सोडून दिला. जावई म्हणतो आई, मोठा पाईक सोडावाच लागतो, कायदा हाये. मी तिथंच रडले, म्हाताऱ्याला मराठीत नाही नाही ते बोलले. तो बिचारा टोपी काढून उभा.

तशीच घरी आले, वंदीच्या दारात वरडले, मेल्यानं सोडला गं, हातात आलेला सोडला!

वंदी वळली. म्हणली, केवढा व्हता?

दोन महिन्यांत तिनं आपणहून विचारलेली पहिली गोष्ट. मी हात पसरून दाखवला, जरा जास्तीच पसरला.

आता जून लागलाय. तिकडं धनी एकलाच, विमान कधी मिळंल ठाव न्हाई. वंदी अजून दार लावून घेती कधी कधी. मी आता दार वाजवत न्हाई, ताट ठिवते आन् भाईर वाट बघत बसते. देव त्या म्हाताऱ्याचं भलं करो. एखाद्या दिशी आतनं हाक येती, आई, बाळाला दे. मग मी हातातलं टाकून पळते.