निघताना पोर रडलं पाहिजे

मी मूळची कोलाडच्या आतल्या अंगाच्या गावातली. भात आन् भातानंतर वाल, दुसरं काय नाय. आमच्या वेळेला बालवाडी नव्हती. आई लावणीला उतरली की मला बांधावर बसवायची, कमरेला लुगड्याची चिंधी आन् चिंधीचं दुसरं टोक झाडाला, व्हय, खरंच सांगते, नायतर पोर पाण्यात जायचं. तिथं बसून मी चिखलाच्या भाकऱ्या थापायचे आन् बेडकांना जेवायला वाढायचे. हसू नका, माझी शाळा तिथनंच सुरू झाली. हे मी कुणाला सांगितलं की आमची सून प्रज्ञा म्हणते, आई, तुमी अंगणवाडी सेविका आहात, असलं काय सांगत बसू नका लोकांना.

लग्न होऊन आले ती पेणच्या खाडीकडं. सासरची माणसं मिठागरात राबणारी. माहेरचा चिखल गोड्या पाण्याचा, इथला खारा, आन् बोली अशी की सासूबाई एक मागायच्या आन् मी दुसरंच आणून द्यायचे. मंग गावात अंगणवाडी आली, दहावी झालेली सून मी एकटीच, तर सासूबाई म्हणाल्या, जा गो, सावलीत तरी बसशील. सावलीत आले ती आजतागायत सावलीतच हाय, पण बसायला कुठं मिळतंय.

सुरुवातीला पेणला ट्रेनिंग झालं. शिकवायला एक बाई होत्या, वयानं मोठ्या, बारीक आवाजाच्या, मागच्या रांगेत ऐकू जायचं नाय. त्यांनी वजनकाटा शिकवला, गाणी शिकवली, सगळं शिकवलं, आन् शेवटच्या दिवशी म्हणाल्या, बायांनो, येताना तर कुठलंही पोर रडतं. निघताना रडलं पाहिजे. घरी नाय जायचं म्हणून पोर रडलं की समजा तुमची अंगणवाडी चांगली चालली. काय सांगू तुम्हाला, ते माझ्या डोक्यात असं बसलं! बाकीच्या बायांना पर्यवेक्षिका व्हायचं होतं, कुणाला पक्की नोकरी पायजे होती, तशी मलाबी पायजे होतीच की, पण माझ्या मनात एकच, निघताना पोर रडलं पाहिजे.

आन् रडायची हो. तेव्हा रडायची. आया मिठागरावरनं यायच्या, पायाला चिखल तसाच, आन् पोरं पाट्या धरून बसायची, नाय येत म्हणायची. मी वरनं रागावल्यासारखं करायचे आन् आतून मला बरं वाटायचं. आता नाय रडत. कधी थांबली ते कळलंच नाय मला. कामं वाढत गेली, सर्वे आला, लसीकरण आलं, गरोदर बाया, हा दिन साजरा करा, तो दिन साजरा करा, निवडणुकीच्या याद्या, मंग मोबाईल आला. मोबाईल आल्यापास्नं सगळं त्याच्यात. हजेरीचा फोटो, खिचडीचा फोटो, खेळाचा फोटो, आईला पोषण आहाराचं पाकीट द्यायचं तर आधी तिचा चेहरा त्याच्यात दिसला पायजे, आन् तो दिसत नाय, बाई उन्हानं रापलेली, मोबाईल तिला वळखत नाय, ती म्हणते बाय, मीच हाय गो, मी म्हणते मला कळतंय, त्याला कळू दे. रेंज नाय मिळाली की मी खाडीच्या बांधावर जाऊन हात वर करून उभी. तोवर पोरांकडं मदतनीस वनिता, तिची खिचडी चुलीवर. पोरं गप बसलेली असायची. मला वाटायचं, शिस्त लागली.

आमची नात ओवी माझ्याच अंगणवाडीत होती. पोरगा रोह्याकडं कंपनीत, शिफ्टचं काम, घरात मी, प्रज्ञा आन् ओवी. गेल्या उन्हाळ्यात प्रज्ञा म्हणाली, आई, जूनपास्नं ओवीला रामवाडीच्या नर्सरीत घालायचं. इंग्रजी मीडियम, व्हॅन गावात येते. मला फार वाईट वाटलं, लपवत नाय तुमच्यापासून. मी म्हटलं, अगो, मी गावात दारोदार फिरून बायांना सांगते पोरं माझ्याकडं पाठवा, आन् माझ्याच घरातलं पोर व्हॅनमधनं जाणार, मी तोंड काय दाखवू? ती म्हणाली, तुमच्या तोंडासाठी तिचं नुकसान करू काय? पुढं पहिलीत घेताना इंग्रजीत विचारतात, मला आलं नाय म्हणून मी कुठं अडकले तुमाला ठाऊक हाय. मंग हळूच म्हणाली, आन् आई, तुमच्याकडं तरी काय हो, फोटोच तर काढतात.

रागानं रात्री जेवले नाय मी. पण पोरगी खोटं बोलत नाय, हेच तर वाईट.

त्याच आठवड्यात मोबाईल फुगला. बॅटरी फुगते ना, तशी. पेणला दुरुस्तीला दिला, दुकानवाला म्हणाला चार दिवस लागतील. मला तर सुट्टी लागल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी कपाटातनं ठोकळ्यांचा डबा काढला, एरवी हरवतील म्हणून कुलपात असायचा, फोटोपुरता निघायचा. सगळ्यांना वाटला, म्हटलं खेळा.

तर काय झालं सांगू. पोरं ओळीत बसली. एकेक ठोकळा हातात उचलून धरला, छातीशी, आन् माझ्याकडं बघून हसली. सगळी. तशीच बसून राहिली. मी म्हटलं खेळा ना रे. कुणी हलंना. ओवी म्हणाली, आजी, काड ना फोटू. मी म्हटलं, मोबाईल नाय आज. मंग ती उठली, ठोकळा डब्यात टाकला, जाऊन जागेवर बसली, तिच्या मागनं बाकीची. खेळ झाला. त्यांच्या लेखी ठोकळा धरायचा, हसायचं, डब्यात टाकायचा, ह्याला खेळ म्हणतात. हे मीच शिकवलं त्यांना, दुसऱ्या कुणी नाय.

त्या दिवशी काय सुचलं नाय मला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात घागरभर पाणी ओतलं, साडी खोचली आन् चिखलात बसले. भाकरी थापली. पोरं दारातनं बघत राहिली, बाईला काय झालं म्हणून. मंग एक आलं, मंग ओवी आली. भाकऱ्या माझ्या राहिल्या बाजूला, त्यांनी मिठागर केलं. कुणी सांगितलं नाय हो! वाफे पाडले, बांध घातले, ठोकळ्यांचे दरवाजे केले, डब्यानं पाणी मोजून सोडलं, तुझ्या वाफ्यात जास्त गेलं म्हणून भांडली, पाटीनं मीठ ओढलं, ठोकळ्यांचा ढीग लावला. आता ह्यांच्या आज्यांनी ओढलेलं मीठ, ह्यांच्या बापांतले अर्धे तर कंपनीत जातात, आन् पोरांना कुठनं ठाऊक कुणास ठाऊक. खिचडी निवली तरी कुणी हात धुवंना.

दुपारी प्रज्ञा ओवीला न्यायला आली. मी मागं थांबते ना, आवराआवर असते. ओवी म्हणाली, नाय येत. प्रज्ञानं हात धरला तर तिनं अंगच टाकलं, चिखलात, आन् असा गळा काढला की तुमाला काय सांगू. रस्ताभर रडत गेली, शेजारच्या बाया बाहेर आल्या, एक मला म्हणते, काय गो, मारलंस काय पोरीला? मी दारात उभी. इतक्या वर्षांनी ऐकलं ते. माझे डोळे भरले, आन् त्या बाईला वाटलं मी खरंच मारलं.

पण पुढचं ऐका. चिखलाच्या तिसऱ्या दिवशी पर्यवेक्षिका मॅडम आल्या, पोरं चिखलात, भिंतीला हाताचे ठसे. मॅडम वाईट नायत, त्यांच्याकडं एवढ्या अंगणवाड्या, गाडी नाय, स्कुटीनं फिरतात, पाठीला पट्टा. त्या कठड्यावर टेकून बघत राहिल्या बराच वेळ. म्हणाल्या, बाई, मला कळतंय हो. पण वरती मी काय दाखवू? फोटो नाय, तर मोबाईलमध्ये चार दिवस तुमची अंगणवाडी बंद दिसतेय. आन् गावातनं फोन आला होता, पोरं रडत घरी जातात म्हणून. मी म्हटलं, मॅडम, तेच तर. त्या म्हणाल्या, तेच तर काय? आता त्यांना मी काय समजावू, ट्रेनिंगच्या त्या बाई कधीच गेल्या.

मोबाईल दुरुस्त होऊन आला. मी प्रज्ञाला विचारलं, एकदाच विचारलं, बघितलंस ना गो ओवीला? ती म्हणाली, बघितलं आई. मला तुमच्याकडचं आवडलं. पण तुमच्याकडचं चार दिवसांचं, मोबाईल नव्हता म्हणून. पुढं तुमी तरी काय करणार? जूनमध्ये ओवीचा टाय मीच बांधला, प्रज्ञाला गाठ जमत नव्हती. व्हॅनमागनं मी अंगणवाडी उघडायला गेले. दोन बाया वाटेत भेटल्या, त्यांचीबी पोरं आता व्हॅननं जातात.

आता मी असं करते, गेल्या गेल्या सगळे फोटो उरकते आन् मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकते. मंग मागं अंगणात. पण डब्यात तो वाजत राहतो, मॅडमचा फोन असतो, उचलावाच लागतो. दमले हो मी. वनिता म्हणते परवा निघताना एक पोर रडलं. मी तेव्हा बांधावर रेंज शोधत होते, मला नाय दिसलं.

ओवी रोज दुपारी व्हॅनमधनं उतरते. रडत नाय. जाताना नाय, येताना नाय. घरात आली की भिंतीला टेकून मांडी घालते आन् तोंडावर बोट ठेवून बसते, कुणी सांगितलेलं नसताना. येणारे-जाणारे म्हणतात, किती गुणी पोर. प्रज्ञा माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं.

तुमच्या घरात हाय का कुणी लहान? नातू? तीनचा होईल? मंग घाला त्याला कुठंबी, टायवाल्या शाळेत घाला नायतर माझ्यासारखीकडं घाला, माझं काय म्हणणं नाय. देव करो, दुपारी तुमी आणायला जाल तेव्हा त्यानं तुमचा हात सोडवून मागं पळावं, आन् घरापर्यंत रस्ताभर रडावं.