तिसऱ्या गाण्यातली बाई

सुरतेजवळच्या उधन्यात सिनेमाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"कारखान्यात खाडा करून पाचव्यांदा हाच सिनेमा! तुमचं तुम्ही बघा, मी बाहेर बसते."

"देश कसा घडला ते दाखवलंय गं."

"नाचून घडला? घटना लिहिणारी माणसं टेबलावर चढून गातात आणि तुम्ही टाळ्या पिटता!"

"तिसऱ्या गाण्यात मागे एक बाई झाडू मारते."

"गाते का ती?"

"नाही."

"बोलते तरी?"

"तिच्याकडे कुणी बघतही नाही."

"मग तुम्ही काय बघता?"

"पदर खोचते ना, अगदी आईसारखा. आईचा एकही फोटो नाही आपल्याकडे."

"दोन तिकिटं काढा. नाच सुरू झाला की मी डोळे मिटणार. बाई आली की कोपर मारा."