दारात आलेली शाबासकी

अध्यक्षसाहेब, हेडमास्तर गुरुजी, सरपंच दादा, आज ज्यांना निरोप द्यायचाय त्या आमच्या लिडियाबाई, अन् समोर बसलेल्या आयाबाया, बापय मानसं, समद्यांना माझा नमस्कार. मी चांगुणा, भीमाची आई. दुसरीपतुर शिकल्याली. आसं उभं ऱ्हाऊन कंदी बोलले न्हाई, तवा हसू नका. पोराहो, तुमाला पन सांगते.

बाईंची बदली श्रीरामपूरला झाली. सरकारचं काम, आपन काय बोलनार? पन बाईंनी आमच्या घरात जे केलं, ते न सांगता त्यांना जाऊ कसं द्यायचं?

बाईंच्या वर्गाची रीत आता समद्यांना ठाव हाय. आठवडाभर ज्यानं जीव लावून काम केलं, त्याच्या घरी शनिवारी समदा वर्ग जातो. पैला नंबर आला म्हनून न्हाई बरं का, कष्टासाठी. पन तवा मला कुठं ठाव हुतं?

गेलं साल, दुष्काळाचं. माझी लेक भीमा सहावीत. मला खडी फोडाय जायचं, अन् घरी तान्हं. सासूबाई म्हनाल्या, "सोमवारपासनं भीमी घरी ऱ्हाईल. तान्ह्याला धरंल. लई शिकली." मी मान हलवली.

त्याच शनिवारी बघते तर बाई फुडं, मागं समदा वर्ग, अन् मधी भीमा, खाली मान घालून. सासूबाई वरडल्या, "काय चोरलं गं कारटीनं?" मी भ्याले, आतनं कडीच लावली! हसा आता, हसा.

भाएरनं बाई म्हनाल्या, "चांगुणाबाई, तक्रार नाही आणली. शाबासकी आणलीय."

कडी काढली. बाई सासूबाईंना म्हनाल्या, "आजी, हिला अपूर्णांकाची गणितं जमत नव्हती. आठवडाभर चुकली, पण एकदाही तोंड पाडलं नाही. पुसायची, हसायची, पुन्हा मांडायची. काल जमलं, तर लगेच शेजारच्या मुलीला शिकवायला बसली. आता तिच्या पाठीवर थाप तुम्ही द्यायची. घरातल्या मोठ्या माणसानंच द्यायची असते."

मंडळी, पेरनी उरकली की आपन बैलाच्या पाठीवर थाप देतो का न्हाई? लेकीच्या, सुनेच्या पाठीवर कुनी दिल्याली पाहिलीय? मी तर न्हाई पाहिली.

सासूबाईंचा हात वर गेला, तिथंच थांबला. मग भीमाच्या पाठीवर पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आपली बघतच ऱ्हायले. त्यो हात इतका हलका पडतो, हे लगीन झाल्यापासनं मला ठाव नव्हतं!

वर्ग गेल्यावर सासूबाई म्हनाल्या, "पोरांदेखत शाबासकी दिली, आता घरी बसवली तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील. जाऊ दे साळंला. तान्हं मी बघीन." भीमा औंदा सातवीत हाय. सासूबाई तिथं बसल्यात, इचारा त्यान्ला.

चांगला सबूद बोलाय काय लागतं? काई न्हाई. पन त्यो आमच्यासारख्याच्या दारापतुर चालत आनाय बाईंसारखं मानूस लागतं.

हेडमास्तर गुरुजी, मला भ्या वाटतंय ते एवढंच. बाई जात्यात, पन ही रीत जाऊ देऊ नका. आजून लई पोरी शनिवारची वाट बघत्यात. अन् त्यांच्या आया पन.

बाई, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. मंडळी, तुमी एवढा येळ ऐकून घेतलं, तुमचे बी लई आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला आसंल तर पोटात घाला. बसते.