धरू नका त्याला

सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यात कीर्ती कुत्र्याचं पिल्लू घेऊन बसली होती. शेजारी सिद्धाराम आणि बसव्वा हे म्हातारं जोडपं लव्हबर्डचा पिंजरा घेऊन बसलं होतं.

“दोन महिने झालं, अजून हात बघितला की कोपऱ्यात पळतंय. लई माजलंय,” सिद्धाराम म्हणाला.

“माजलं न्हाय, भ्यालंय. रोज मुठीत आवळून धरताय की.”

“धरल्याबिगर सवय कशी लागंल?”

“मला चाळीस वर्षांत तुमची सवय लागली न्हाय. त्याला दोन महिन्यांत लागंल व्हय!”

“म्हणून तर आणलंय. डॉक्टरनं पंख छाटले की येतंय गपगुमान हातावर.”

“वा! लई मोठा पराक्रम.”

“मग तू आणून दाखव.”

“दाखवते. तुमी तिकडं तोंड करून बसा.”

बसव्वानं चिमूटभर बाजरी तळहातावर घेतली, हात पिंजऱ्यात सरकवला आणि पाखराकडं न बघता बसून राहिली. बऱ्याच वेळानं ते कोपऱ्यातून सरकत आलं, थबकलं, आणि तिच्या बोटावर चढून दाणे टिपू लागलं.

“आलं! धर, धर त्याला!”

“तोंड तिकडं!”

“बावीस नंबर!” आतून हाक आली.

“चल ऊठ, आपला नंबर.”

बसव्वा हलली नाही. ती कीर्तीला हळूच म्हणाली, “बाई, तुमी जावा आत. आमचं काम झालं.”