पिवळ्या बोटीचे भाव

हॅलो?… कोण, नुबिया?… हो, येतंय ऐकू, बोल. पण तिकडे गलका कसला एवढा?… अच्छा, बिंगो. रविवार नाही का आज. कारखान्यातच भरवलात?… शिलाई मशिनं भिंतीला सरकवून. छान.

मी? मी घरीच. मांडीवर लॅपटॉप आणि गॅसवर घेवडा. परदेशी, सान होसेत राहून इथल्यासारखंच खायला लागलेय, सकाळ-संध्याकाळ भात आणि घेवडा… हो गं, रविवारीसुद्धा काम. सामने रविवारीच असतात, पैजांचे भाव लावणारीला कसली सुट्टी?

आई बरी आहे ना?… मग तुझा आवाज असा का?… असा म्हणजे लहानपणी गुळाची ढेप फोडून यायचीस, तसा. सांग, काय केलंस?

आनंदाची बातमी. बरं. सांग तर खरी.

थांब, थांब, हळू. पैजांच्या कुठल्या दोन साइट?… एक आपली चौकातल्या दुकानाची, सरकारी परवान्याची. हो, माहीत आहे. आणि दुसरी?… बाहेरची. परवाना कुठल्याशा बेटावरचा. आणि तू दोन्हीकडचं मार्जिन काढलंस?

हो हो, मीच शिकवलं, आठवतंय. गेल्या नाताळात, ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने आकडे लिहून. प्रत्येक भाव उलटा करायचा, टक्के काढायचे, बेरीज करायची, आणि शंभराच्या वर जे सांडेल ते दुकानदाराचं… हो, आणि आईने ओटा पुसून टाकला मध्येच. मग? किती आलं?

चौकातल्याचं साडेसात. असणारच. ते कर भरतात, सरकारकडे अनामत ठेवतात, कुणाच्या तरी खिशातून निघायलाच हवं ते… लुटारू काय म्हणतेस, दुकान आहे ते. आणि बाहेरच्याचं?

परत सांग.

एक टक्कासुद्धा नाही? बेरीज चुकली असेल तुझी… तीनदा केलीस. बरं… नाही, हसत नाहीये मी. नुबिया, एक टक्क्याच्या आत कुणी दुकान चालवत नाही. विजेचं बिल निघत नाही त्यात.

मग?… मग तू काय केलंस?… अगं ऐक ना— नाही, समजलं मला, परत नको सांगूस. तीन वाजताच्या सामन्यात "जास्त गोल" चौकातल्या दुकानात लावले आणि "कमी गोल" बाहेरच्या साइटवर. गोल किती का होईनात, दोघांपैकी एक देणारच, आणि दोन्हीचे भाव असे जुळलेत की वर थोडे सुटतात… हो. बरोबर आहे. गणित अगदी बरोबर आहे… शाबास म्हणेन, आधी सांग, पैसे कुणाचे?

नुबिया, पैसे कुणाचे लावलेस?

भिशीचे.

सगळे?… वर्षभर साठवून सणाला, मेणबत्त्यांच्या दिवशी वाटायचे ते?… रुबिएला काकूंच्या कवळीचे पण त्यातच?… अगं, त्या माऊलीने वर्षभर बटणं लावून लावून… बायकांना विचारलंस?… आईला तरी?… म्हणजे कुणालाच नाही.

ओरडत नाहीये. बरं, ओरडले. चुकलं माझं. सांग, का केलंस?… हो, माहीत आहे, गेल्या वर्षी भिशी एलवियाकडे होती आणि तिने प्रत्येकीला वर डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा दिला. मग?… आणि तुझ्याकडे आली तर बिंगोतून सणाचे बुन्युएलो वडे तळायच्या तेलाचेही पैसे सुटेनात. आणि बायका बोलतात… नुबिया, बायका एलवियालाही बोलत होत्या. मांसात चरबीच फार म्हणून.

बरं. आता रडू नकोस. समोर उघडी आहे का ती बाहेरची साइट?… कसलं चित्र आहे वर?… पिवळी बोट. नाही, मी पाहिलेली नाही. भाव वाच मला… तीन किंवा जास्त गोल, एक-अठ्ठ्याऐंशी. कमी, दोन-दहा… हं. त्याच्या खालची ओळ?… चार किंवा जास्त—

थांब. पुढचं मी सांगते. तीन-शून्य-पाच. आणि त्याच्या शेजारी एक-सत्तेचाळीस… बरोबर ना?

मला कसं माहीत? सकाळी मीच लावलेत ते. याच खुर्चीत बसून.

नाही गं, लपवत नव्हते. मला बोट-बीट खरंच माहीत नाही. आम्ही इथे भाव लावतो. हर्नान साहेब ते दहा नावांनी दहा ठिकाणी चढवतो. कुठलं नाव कुठल्या देशात दिसतं, ते आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. गुरुवारी म्हणाला, मार्लेनी, मार्जिन हाडापर्यंत उतरव, सण आलाय, लोकांना येऊ दे. मला वाटलं, सणाची सूट. मी उतरवलं. खूषसुद्धा झाले, खोटं कशाला सांगू. एरवी लोकांना नाडणारे भाव लावायचे, म्हटलं चला, एकदा तरी चांगला भाव लावला…

थांब. एक मिनिट बोलू नकोस. मला आठवू दे.

शुक्रवारी आमच्याकडे केक कापला. पैसे परत देण्याच्या खात्यातल्या मुलींचा निरोप होता. एकीचा नाही, सगळ्यांचा. मी दोन तुकडे खाल्ले त्या केकचे… ऐक तर. पैसे घेण्याच्या खात्यातलं कुणीच गेलं नाही. उलट दोन नवीन मुलं घेतली.

कळतंय का तुला मी काय म्हणतेय?… एवढा चांगला भाव त्यालाच परवडतो, ज्याला तो द्यायचाच नाहीये.

नाही, खात्री नाही अजून. खात्री करू. बोटीवर तुझ्या खात्यात काही शिल्लक आहे का, न लावलेलं?… थोडं आहे ना? ते काढायला टाक. हो, आत्ता. धरते मी फोन.

…

घाई नको करूस, आकडा नीट घाल… कसला वास येतोय, मेला घेवडा लागला वाटतं खाली. असू दे.

काय आलं?… वाच… "आपली विनंती तपासणीत आहे. सणानंतर कळवू." हं. आणि भरायचं बटण? पैसे भरायचं?… ते चालू आहे. हिरवंगार.

झाली खात्री.

नुबिया. अगं नुबिया, श्वास घे. बाहेर अंगणात जा, आत बायका ऐकतील… गेलीस?… बस तिथे पायरीवर. आता मी सांगते ते ऐक. बोटीवरचे गेले असं समज. चौकातले अजून तुझे आहेत. सामना तीनला आहे ना? सामना सुरू व्हायच्या आधी चौकातल्या दुकानात लावलेली पैज मोडता येते. तुझ्या पावतीखाली असेल बघ, "आधीच मिटवा" असं काहीतरी… दिसलं? किती देतायत?

हो, कापतात थोडे. तेच ते साडेसात टक्के, ज्याला तू लुटारू म्हणालीस. पण देतात गं. आज दाबलंस तर आज देतात. त्याचेच पैसे घेतात ते.

काय?… ठेवू म्हणतेस? तशीच?

हो. हो, ते खरं आहे. तीन गोल झाले तर चौकातलं दुकान देणार, आणि भिशी अख्खी परत, वर थोडे. बोट बुडो की तरंगो… आणि मी लावलेल्या भावावरून जास्त गोलांचीच शक्यता थोडी जास्त आहे, तेही खरं. तू शिकलीस हो चांगली… नाही, टोमणा नाही मारत.

गणिताला विचारशील तर गणित म्हणेल, ठेव. मोडताना ते कापतात, ठेवलीस तर कापत नाहीत. हीच पैज शंभरदा खेळायची असती, तर मीही म्हटलं असतं, ठेव. पण हा डिसेंबर एकदाच येणार आहे नुबिया, आणि दोनच गोल झाले तर तुला त्या बायकांसमोर रिकाम्या हाताने उभं राहायचंय. मी रोज हे आकडे बघते. दोन गोलांवर संपलेले सामने मी इतके पाहिलेत… ज्याचे स्वतःचे आहेत त्याने खेळावं. हे आपले नाहीत.

अगं, मला माहीत आहे अर्धेच उरतील. अर्धे म्हणजे शून्य नाही.

नाही, मी दाबू शकत नाही. तुझं खातं आहे. तुलाच दाबावं लागेल… हो, तूच. दाब.

दाबलंस?… काय म्हणतंय?… "स्वीकारले." खात्यात दिसतायत?… देवा. बरं झालं. बरं केलंस गं.

उरलेले मी पाठवते म्हटलं असतं. एरवी म्हटलंच असतं. पण माझा डिसेंबरचा पगार आणि बोनस त्याच बोटीत आहे, हे आत्ता बोलता बोलता लक्षात आलं माझ्या. बघू. काहीतरी करू. आज खोटं आश्वासन नको.

आणि बायकांना आजच सांगायचं… नाही, बिंगो संपल्यावर नाही. आधी. संपल्यावर निम्म्या उठून जातील, आणि संध्याकाळपर्यंत गावात वेगळीच गोष्ट फिरेल. सगळ्या बसलेल्या असतानाच सांग.

नुबिया, अजून एक. ही साइट तुला दाखवली कुणी?… कुणीच नाही? मग?… त्या तुलना करणाऱ्या पानावर. कुणाचं मार्जिन सगळ्यात कमी, त्याची यादी असते तिथे, हो, आम्हीही बघतो. बोट कितवी आहे?… पहिली.

पहिलीच असणार. माझ्या भावांमुळे.

आणि तू कुणाला सांगितलंस?… नवऱ्याला. त्याने त्याच्या भावाला. आणि तो बस डेपोत काम करतो. म्हणजे झालंच.

…

काय म्हणतेस?… पोलिसांना सांगू? कुठल्या? परवाना बेटावरचा, ऑफिस इथे, पैसे तिसरीकडे. आज रविवार. तीन वाजेपर्यंत कोण फोन उचलणार? आणि त्या पानावर जेवढी माणसं आज बोटीचं नाव पहिलं बघतील, त्यांना मी कुठे शोधू?

मला एकच काम येतं गं. भाव लावता येतात.

थांब, लॅपटॉप घेते पुढ्यात… काय करतेय ते बघच. बोटीचं पान ताजं कर… अजून नाही? परत कर… आता? वाच.

एक-पंचावन्न आणि एक-साठ. काढ मार्जिन. ओट्यावरच्या पिठात काढलंस तसं… सत्तावीस. बरोबर. लाज वाटावी असा भाव आहे. अकरा वर्षांत असा गलिच्छ भाव मी कधी लावला नाही.

तेच तर! कोण घेईल? कुणीच नाही. घेऊच नये कुणी.

तुलनेच्या पानावर बघ आता… अजून पहिली? थोडा वेळ लागतो त्यांना. दुसरा सामना करते. वाच… हं. तिसरा… अगं तू फोन नको ठेवूस, तू वाचत राहा, मी लावत जाते. काय?… पाचवी झाली? चांगलं. पुढचा.

साहेबाचा फोन येतोय. दुसऱ्या लायनीवर… वाजू दे. पुढचा वाच. तेवीस? कमी झालं, अजून बिघडवते… नोकरीचं काय विचारतेस वेड्यासारखं. पगारच येणार नाही ती कसली नोकरी? वाच तू.

परत वाजतोय. वाजू दे म्हटलं ना.

काय?… शेवटून दुसरी! शेवटची कोण आहे मग, तिच्याहून वाईट?… हसू नकोस, मलाही हसू येतंय. आता अजून दोन सामने आणि—

…

काढलं मला. पडदा पांढरा झाला. नाव-पासवर्ड घेत नाही… हो, झालं. दोन राहिले. तो परत उतरवेल मार्जिन, पण एवढे सगळे त्याला आज एकट्याने जमायचे नाहीत. त्याला भाव लावता येत नाहीत. माणसं ठेवून करवून घेतो तो.

नाही, मी बरी आहे. घेवडा मात्र करपला पार. जा आता आत. सांग त्यांना… बरं, भीती वाटते ना, मग रुबिएला काकूंकडे दे फोन. सगळ्यात मोठ्या त्याच आहेत, आधी त्यांना मी सांगते. दे… अगं दे.

हॅलो, काकू? मार्लेनी… हो, मार्लेनीच. बरी आहे मी, तुम्ही कशा आहात?… काकू, बिंगो थांबवायला सांगा जरा, आणि बसून घ्या… बसलात?… भिशीचं बोलायचंय. अर्धी गेली, काकू. अर्धी वाचली… नुबियाने लावली, पण ज्या भावावर लावली तो माझा होता. मी लावलेला… नाही, चोरी नाही. विश्वास ठेवला आम्ही दोघींनी, चुकीच्या ठिकाणी… हो. तुमच्या कवळीचेही अर्धेच आहेत.

…

काय म्हणालात, काकू?… सणाच्या खिरीला, नातियाला, दात लागत नाहीत?… ती मऊच असते, चमच्याने खाता येते, म्हणून ती ढवळायला मी यायचं?…

हो. हो काकू, येते मी. मेणबत्त्यांच्या दिवसाआधी येते, पातेलं मी ढवळेन… नाही, रडत नाहीये. घेवड्याचा धूर झालाय घरात. नुबियाला काही बोलू नका… बरं, बोला थोडं. ठेवते.