जर्मन हाक

देवगाव फाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक मेंढपाळ आणि कॉलेजात शिकणारी त्याची लेक बोलत होते.

“आबा, परदेशी भाषा घ्यावीच लागतीय, मी जर्मन घेतली. कुणाला किती येतंय म्हणून परीक्षा घेतली. बाकीचे वरच्या वर्गात गेले. मी एकटीच पहिल्या धड्यापासून.”

“मग?”

“लाज वाटायलीय.”

“दैवशाला, बाजारातून आणलेल्या मेंढीला माजी हाक कळती का?”

“न्हाई.”

“म्हणून मी आधी तिच्या जुन्या मालकाची हाक शिकून घेतो. या वयात.”

“आशा किती हाका येतात तुमाला?”

“आसतील वीसेक. तुजी जर्मन हाक मार बरं.”

“गुटेन मॉर्गन.”

“आशी हळू न्हाई. मेंढरं माळाच्या पल्याड हायती.”